बडोद्यातल्या पूर्वजांचं घर आणि चाकरी: स्मशान, समाध्या आणि मृत्यूच्या नोंदींवरून माग कसा काढावा? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दोन-तीनशे वर्षांपूर्वी गायकवाडांच्या मागोमाग बरीच मराठी घराणी बडोद्याला आली आणि पुढे पुणे, मुंबई, इंदूर, परदेश अशी पांगली. त्यांची आजची मुलं-नातवंडं तेच तेच प्रश्न विचारतात. आमचे पणजोबा बडोद्यात नेमके कुठे राहायचे? काय काम करायचे? माझा अनुभव असा की, या प्रश्नांचा शोध जन्मापासून घेण्यापेक्षा मृत्यूपासून घ्यावा. माणूस जन्मतो तेव्हा घरापुरती नोंद होते. तो जातो तेव्हा स्मशान, पालिका, उपाध्ये, कचेरी आणि वारस या सगळ्यांना काहीतरी लिहावं लागतं.

आपल्यात दहन होतं. थडगं नाही, दगड नाही. मग शोधायचं काय?

दगड नसला तरी कागद असतो. शिवाय आपल्या घरांतही सरसकट दहनच होतं असं नाही. लिंगायत, गोसावी, नाथजोगी आणि महानुभाव यांच्यात पुरण्याची चाल आहे. संन्याशाला समाधी देतात, लहान मुलांना पुरतात. सरदार-मानकऱ्यांच्या दहनाच्या जागी छत्री, चौथरा किंवा तुळशीवृंदावन बांधायचे. स्मशानातल्या ओट्यांवर, शेडवर, पाणपोईवर ‘अमुक यांच्या स्मरणार्थ’ अशा संगमरवरी पाट्या असतात. त्यांवर नाव, वर्ष आणि पुष्कळदा हुद्दाही कोरलेला असतो. अंत्ययात्रेत आपण मान खाली घालून चालतो, त्यामुळे या पाट्या कोणी वाचत नाही. एखाद्या सकाळी त्या वाचण्यासाठी म्हणून मुद्दाम जा.

सुरुवात कुठून करायची?

घरातल्या श्राद्धाच्या तिथीपासून. ‘आमचे पूर्वज गायकवाडांचे सरदार होते’ ही कथा तूर्त बाजूला ठेवा. ती खरी असेलही, पण तिच्या मागे लागलं की माणूस पहिल्या दिवसापासून मोठ्या नावांतच शोधत बसतो आणि आपला साधा कारकून पणजोबा हातून निसटतो.

घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला विचारा की श्राद्ध कोणत्या तिथीला होतं आणि पिंड देताना कोणती नावं घेतात. श्राद्धात वडील, आजोबा, पणजोबा आणि आई, आजी, पणजी अशा तीन पिढ्यांची नावं गोत्रासह घ्यावी लागतात. पुष्कळ घरांत ही नावं एका चिठ्ठीवर लिहून देव्हाऱ्यात किंवा पंचांगात ठेवलेली असतात. ती चिठ्ठी हाच तुमचा पहिला दस्तऐवज, तिचा लगेच फोटो काढून ठेवा.

पितृपक्षातल्या दिवसावरूनही बरंच कळतं. एखाद्या बाईचा महालय, म्हणजे पितृपक्षातलं श्राद्ध, नवमीला होत असेल, तर ती सवाष्ण गेली. द्वादशीला होत असेल, तर घरात कोणी संन्यास घेतला होता. चतुर्दशीला होत असेल, तर तो मृत्यू शस्त्राने किंवा अपघाताने झाला. जो स्वाभाविकपणे चतुर्दशीलाच गेला, त्याचा महालय त्या दिवशी करत नाहीत, म्हणून ही खूण भरवशाची आहे. घरात कोणाचा महालय चतुर्दशीला होतो आणि का, हे कोणालाच सांगता येत नसेल, तर फौज, शिबंदी (पगारी शिपाई) आणि पागा (घोड्यांचे तबेले) यांचे कागद आधी बघा. कारकुनांच्या याद्या नंतर.

तिथी कळली, पण तारीख कशी काढायची?

वर्षाशिवाय तिथीचा उपयोग नाही. वर्ष तीन-चार पद्धतींनी लिहिलेलं सापडतं आणि घोळ बहुतेक इथेच होतो.

मराठी घरांत शक असतो. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तिथीसाठी शकात ७८ मिळवा, जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. म्हणजे शके १८४० चा भाद्रपद हा १९१८ सालचा.

बडोद्यात व्यापारी, शेजारी, स्थानिक कागद या सगळ्यांत विक्रम संवत भेटतो, आणि गुजराती संवताचं वर्ष कार्तिकात सुरू होतं. दिवाळी-पाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत संवतातून ५७ वजा करा, जानेवारीपासून पुढच्या दिवाळीपर्यंत ५६. तोच १९१८ चा भाद्रपद गुजराती कागदात संवत १९७४ असेल आणि उत्तरेकडच्या पंचांगात १९७५, कारण तिकडे वर्ष चैत्रात बदलतं. तुमची एक शाखा ग्वाल्हेर किंवा इंदूरला असेल, तर आणखी एक गोष्ट सांभाळा. तिकडच्या पौर्णिमान्त पंचांगात वद्य पक्ष पुढच्या महिन्यात मोजतात. आपल्या भाद्रपद वद्याला ते आश्विन म्हणतील. दोघांचीही तिथी बरोबरच असते.

मोडी कागदांत सुहूर सन येतो, तोही अरबी शब्दांत. ‘सबा अशर मयातैन व अलफ’ म्हणजे सात, दहा, दोनशे आणि हजार, एकूण १२१७. त्यात ५९९ मिळवले की १८१६-१७ येतं. हे वर्ष मृगाला, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतं. तारखेच्या आधी ‘छ’ दिसला, तर ती मुसलमानी महिन्यातली चंद्राची तारीख समजा.

वर्षच माहीत नसेल, तर घरातल्या आठवणीतले शब्द पकडा. ‘मानमोडीत गेले’ म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ. ‘छप्पनच्या दुष्काळात’ म्हणजे संवत १९५६, १८९९-१९०० चा दुष्काळ. ‘पहिल्या प्लेगात’ म्हणजे १८९६ नंतरची काही वर्षं. ‘मोठ्या पुरानंतर’ असं बडोद्याच्या जुन्या घरात कोणी म्हणत असेल, तर बहुधा जुलै १९२७ चा विश्वामित्रीचा पूर असेल.

पालिकेतून मृत्यूचा जुना दाखला मिळतो का?

तारीख काढून गेलात, तर शक्यता बरी असते. जन्म-मृत्यू नोंदणीचा सध्याचा कायदा १९६९ चा. त्याच्या १७ व्या कलमानुसार कोणालाही फी भरून नोंदवहीत शोध घ्यायला लावता येतो आणि उतारा मागता येतो. मात्र मृत्यूच्या उताऱ्यात मृत्यूचं कारण देत नाहीत. त्यासाठी खिडकीवर वाद घालू नका, तो कायदाच तसा आहे.

अर्जात एकच तारीख टाकू नका, आगेमागे थोडा काळ द्या. नावाची स्पेलिंगं दोन-तीन प्रकारे लिहा, आणि गुजरातीतही लिहा. मराठी आडनाव गुजराती कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं उतरवलेलं असतं. ‘ळ’, ‘ण’ आणि आडनावाच्या शेवटचा ‘कर’ यांत हमखास फरक पडतो. पुष्कळदा आडनाव वगळून फक्त ‘दक्षणी’, म्हणजे मराठी, असंही लिहिलेलं असतं.

पूर्वजाचा मृत्यू बडोद्यातच झाला असेल ना?

असं गृहीत धरू नका. बडोदे संस्थानाचा मुलूख सलग नव्हता. बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली असे प्रांत गुजरात-काठेवाडात विखुरलेले होते, आणि द्वारकेकडचं ओखामंडळही संस्थानातच होतं. वहिवाटदार, फौजदार, मुनसफ, शाळामास्तर या सगळ्यांच्या बदल्या या प्रांतांत व्हायच्या. घरची माणसं ‘आजोबा बडोद्यात नोकरीला होते’ म्हणतात, ते बडोदे सरकारच्या नोकरीत होते या अर्थाने. मृत्यू अमरेलीला झालेला असतो आणि नोंदही तिथेच असते. शहरात काही सापडलं नाही, तर हे पहिलं कारण तपासा.

शहरात कोणतं स्मशान कोणत्या वस्तीचं?

जवळच्या स्मशानात न्यायचं, हा साधा नियम. कारेलीबागेच्या बाजूचं खासवाडी हे शहरातलं मोठं स्मशान. पावतीवर किंवा नोंदीत स्मशानाचं नाव असेल, तर शोधाचा परीघ लहान होतो. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा, शियापुरा, घडियाळी पोळ, वाडी अशा भागांत मराठी घरं दाट होती. यांतली नेमकी कोणती वस्ती, याचा अंदाज स्मशानावरून बांधता येतो. तो अंदाजच असतो. पत्ता सिद्ध करायला दुसरा कागद लागतो.

चांदोद आणि सिद्धपूरच्या वह्यांबद्दल ऐकलं आहे. खरंच काही सापडतं?

माझ्या मते बडोदेकर घराण्यांसाठी याहून चांगलं साधन नाही, आणि लोक सर्वांत कमी वापरतात तेही हेच.

चांदोद डभोईच्या पुढे, बडोद्यापासून सुमारे ५० किलोमीटरवर, नर्मदा आणि ओरसंगच्या संगमावर आहे. अस्थिविसर्जन आणि श्राद्धासाठी बडोद्याची माणसं पिढ्यान् पिढ्या तिथे जात आली. सिद्धपूर मातृगयेचं क्षेत्र. बिंदुसरोवरावर आईचं श्राद्ध करायला मुलगा जातो. ते पूर्वी संस्थानाच्या कडी प्रांतातच होतं. याखेरीज नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी आणि गया आहेतच. या सगळ्या ठिकाणी क्षेत्रोपाध्ये यजमानांची नामावळी ठेवतात.

वही उघडली जाते तो क्षण मी फार जपून बघतो. लांबट, अरुंद पानांचा गठ्ठा, वर लाल कापडाचं बासन. गुरुजी मांडीवर वही घेऊन पानं वरच्या बाजूला उलटत जातात, बोट समासातून उतरत जातं आणि एका ठिकाणी थांबतं. तिथे तुमच्या घरातल्या कोणीतरी स्वतःच्या हाताने लिहिलेलं असतं: नाव, बापाचं नाव, आजाचं नाव, भाऊ, मुलगे, उपनाम, गोत्र, मूळ गाव, हल्ली मुक्काम बडोदे, आणि कशासाठी आलो ते. हुद्दा सांगायची लोकांना हौस होती, त्यामुळे ‘चाकरी अमुक खात्यात’ हेही पुष्कळदा येतं. शाई उडालेली असते. कुठे एखादा भाऊ पहिल्या नोंदीत असतो आणि पुढच्या नोंदीत नसतो. दोन नोंदींमधल्या काळात तो गेला, हे त्या नसण्यावरूनच कळतं. घराण्याच्या वंशावळीत ज्याचं नावच उरलं नाही असा माणूस मला याच वह्यांत भेटला आहे, आणि तो भेटल्यावर डोळे भरून येतात हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

जाताना काय लक्षात ठेवायचं? वह्या मूळ गावावरून आणि आडनावावरून लावलेल्या असतात, राहत्या शहरावरून नाही. ‘बडोद्याचे अमुक’ म्हटलं तर गुरुजी हात वर करतील. कोकणातलं, देशावरचं किंवा खानदेशातलं मूळ गाव सांगा. आडनाव मागाहून बदललं असेल, तर जुनंही सांगा. फोटो काढण्याआधी परवानगी घ्या आणि दक्षिणा मनापासून द्या. त्या घरांनी पुरात, वाळवीत, वाटण्यांत या वह्या सांभाळल्या म्हणून आज आपल्याला काही विचारता येतं. निघताना आपल्या पिढीची नोंदही करून या, मुलींची नावं घालून.

समाधीवरचा किंवा छत्रीवरचा लेख झिजला आहे. कसा वाचायचा?

उन्हं तिरपी असतात तेव्हा जा, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी. दुपारी दगड सपाट दिसतो. सावलीत असेल, तर आरशाने बाजूने उजेड पाडा. खडू फासू नका, तारेच्या ब्रशने घासू नका, आम्ल तर कधीच लावू नका. साधं पाणी आणि मऊ कापड एवढंच पुरे. शेंदूर किंवा चुना चढलेला असेल, तर ती पूजेतली जागा आहे. जे पूजा करतात त्यांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

आकृतीही वाचा. पादुका असतील तर साधुपुरुषाची किंवा गुरूची जागा. गावाच्या वेशीवर, तळ्याकाठी गुजरातेत पाळिये, म्हणजे स्मारकाचे दगड, दिसतात. हे आपल्याकडच्या वीरगळांचे भाऊबंद. वर सूर्य-चंद्र, खाली घोड्यावरचा स्वार, हातात भाला किंवा तलवार, आणि तळाशी संवत, नाव, गाव आणि कोणत्या प्रसंगी पडला ते. बांगड्या भरलेला उभा हात असेल, तर ती सती. गायकवाडांच्या मोहिमांत पडलेल्या मराठी स्वाराचा माग कधी कधी शहराबाहेर अशा ठिकाणी लागतो. दमाजी गायकवाडांचे वडील पिलाजीराव १७३२ मध्ये डाकोरला मारले गेले आणि त्यांची समाधी सावली या गावी आहे. राजघराण्याच्या मूळ पुरुषाची जागाही राजधानीत नाही, ही गोष्ट शोधणाऱ्याने मनात ठेवावी.

कीर्तिमंदिरात आमच्या पूर्वजांचं नाव असेल का?

नाही. ते गायकवाड राजघराण्याचं स्मारक आहे, सयाजीराव तिसरे यांनी १९३६ मध्ये बांधलेलं. नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं बघायला मात्र जरूर जा.

नोंदीत हुद्दा सापडला. त्यावरून काम कसं ओळखायचं?

हुद्द्यावरून माणूस कोणत्या दफ्तरात शोधायचा ते ठरतं, म्हणून इथे घाई नको. सिलेदार म्हणजे स्वतःचं घोडं घेऊन चाकरी करणारा, बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावरचा. दोघेही फौजेचे. वहिवाटदार महालाचा, म्हणजे तालुक्याचा मुख्य, आजच्या मामलेदारासारखा. सुभा प्रांताचा मुख्य, त्याच्या हाताखाली नायब सुभा. ‘वरिष्ठ कोर्ट’ दिसलं, तर ते संस्थानाचं हायकोर्ट. ‘हुजूर कामदार’ असेल, तर माणूस महाराजांच्या हुजुरातला.

‘खानगी’ हा शब्द दिसला की थांबा. राजवाड्याचा खासगी कारभार म्हणजे खानगी खातं. जामदारखाना (दागिने-मौल्यवान वस्तू), फरासखाना (तंबू-बिछायती), मुदपाकखाना (स्वयंपाक), पागा, पीलखाना (हत्ती), शिकारखाना आणि गवई-वादकांचा कलावंत कारखाना हे सगळे राजवाड्याकडचे कारखाने. इथे शेकड्यांनी मराठी माणसं राबली, आणि त्यांचे वारस आज ‘राजवाड्यात होते’ एवढंच सांगतात. आचारी असेल, हुजऱ्या असेल, हत्तीचा चारा मोजणारा कारकून असेल, त्याचा पगार कुठेतरी लिहिलेला आहे. तो शोधायला सरदाराच्या सनदेइतकाच मान आहे, असं मी मानतो.

सयाजीरावांच्या काळापासून (१८७५ ते १९३९) कागद वाढत जातात. संस्थानाची ‘आज्ञापत्रिका’ हे सरकारी राजपत्र होतं. शाळाखातं, १८९० चं कलाभवन, गायकवाड्स बरोडा स्टेट रेल्वे अशा नव्या नोकऱ्याही याच काळातल्या. डभोईची अरुंद लोहवाट तर १८६२ पासूनची. मृत्यूचं वर्ष हाताशी असेल, तर मागे मागे जात नेमणूक, बदली, पेन्शन असा क्रम लावता येतो. १ मे १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. त्यानंतर गेलेल्या माणसाची पेन्शन मुंबई राज्याच्या आणि १९६० नंतर गुजरातच्या कागदांत बघावी लागते.

कागद कुठे बघायचे? मोडी येत नसेल तर?

संस्थानाचं जुनं दफ्तर बडोद्यातल्या गुजरात राज्य अभिलेखागारात आहे. जाताना नाव, वर्ष, खातं आणि प्रांत एका कागदावर लिहून न्या. ‘आमच्या घराण्याचं काही आहे का’ या प्रश्नाला तिथे उत्तर नाही, ‘१८९० च्या सुमाराचे अमरेली प्रांताचे नेमणुकीचे कागद’ याला आहे. मांडवीची सेंट्रल लायब्ररी आणि विद्यापीठाची ग्रंथालयं छापील अहवालांसाठी चांगली.

मोडी शिकाच. चिकाटीने काही महिन्यांत नावं, गावं आणि रकमा वाचता येतात, आणि पूर्वजाच्या शोधाला तेवढं पुरतं. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘मु॥’ म्हणजे मुक्काम, एवढ्या खुणा ओळखू आल्या तरी अर्धं काम होतं.

आता राहतं घर कसं शोधायचं?

मृत्यूनंतर वारसांची नोंद लागते. मालकीचं घर असेल, तर सिटी सर्व्हेच्या प्रॉपर्टी कार्डावर मयताचं नाव कमी होऊन वारसांची नावं चढलेली असतात. त्या फेरफाराची तारीख मृत्यूच्या तारखेच्या पुढे, कधी वर्षभराने, कधी वीस वर्षांनी. म्हणून आधी मृत्यूची तारीख काढा असं मी पुन्हा पुन्हा सांगतो.

पण बहुसंख्य चाकरमाने भाड्याने राहायचे. वाड्यातल्या दोन खोल्यांचं प्रॉपर्टी कार्ड नसतं. अशा वेळी वाड्याच्या मालकाचं नाव शोधा. ‘अमक्यांच्या वाड्यात’ हाच तेव्हाचा पत्ता होता. जुनी पोस्टकार्डं, लग्नाच्या निमंत्रणपत्रिका आणि मुलांच्या शाळेचं जनरल रजिस्टर बघा. शाळेच्या रजिस्टरात बापाचा धंदाही लिहिलेला सापडतो. आणि तो वाडा कसा असेल ते डोळ्यांनी बघायचं असेल, तर तांबेकर वाड्यात जा. १८४९ ते १८५४ मध्ये दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा तो लाकडी वाडा आतल्या भिंतीवरच्या चित्रांसह पुरातत्त्व खात्याने जपला आहे. तुमचा पणजोबा दिवाण नव्हता, पण तसेच जिने चढत होता.

पणजीचा माग का लागत नाही?

कारण लग्नात नाव बदललं आणि कागदात ती ‘अमक्याची बायको’ झाली. माहेरच्या बाजूने या. तिच्या भावाच्या घरची नामावळी, श्राद्धातली आईच्या माहेरच्या पितरांची नावं आणि सिद्धपूरला मुलाने केलेली नोंद या तीन ठिकाणी तिचं माहेरचं आडनाव मिळू शकतं. विधवा झाली असेल, तर पेन्शन किंवा पोटगीच्या अर्जावर तिचा अंगठा असेल, आणि अर्जात पत्ता असतोच.

आमचे पूर्वज ख्रिस्ती किंवा मुसलमान होते. कुठे बघायचं?

छावणीचा भाग फत्तेगंजचा. तिथल्या चर्चची बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाची रजिस्टरं आधी बघा, मग दफनभूमीतला दगड. ब्रिटिश फौजेशी संबंध असेल, तर मुंबई इलाख्यातल्या चर्चनोंदींच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या कागदांत आहेत. दगडावर पलटणीचं नाव असलं, तर काम कळलंच.

मुसलमान घराण्यांत कबरीवर लेख असेलच असं नाही. तिथे कब्रस्तान सांभाळणाऱ्या घराची आठवण आणि खानगी खात्याचे कागद उपयोगी पडतात. बडोदे दरबारचे गवई उस्ताद फैयाज खाँ १९५० मध्ये बडोद्यातच गेले आणि इथेच त्यांची कबर आहे. दरबारी गवई-वादकांचे वारस कलावंत कारखान्याच्या याद्यांपासून सुरुवात करू शकतात.

दोन नोंदी जुळत नाहीत. कोणती खरी मानायची?

मृत्यूच्या जवळच्या काळात, प्रत्यक्ष हजर असलेल्या माणसाने लिहिलेली. तिथीच्या बाबतीत मी घरच्या श्राद्धावर पालिकेपेक्षा जास्त विश्वास ठेवतो, कारण ती दरवर्षी पाळली गेली. वयाच्या बाबतीत कोणावरच नाही. हुद्द्यासाठी पगाराचा कागद प्रमाण, स्मारकाची पाटी नाही, कारण पाटीवर मुलं बापाला एक पायरी वर चढवतात. दोन्ही नोंदी जपून ठेवा, आणि प्रत्येकीपुढे ती कुठे, कधी, कोणाच्या हातची मिळाली ते लिहा.

समाधी सापडली, पण पडझड झाली आहे. दुरुस्ती करावी का?

आधी जागा कोणाची ते बघा: पालिकेची, देवस्थानाची की खासगी. तोवर सगळ्या बाजूंनी फोटो काढा, लांबी-रुंदी मोजा आणि लेख अक्षर न अक्षर उतरवून घ्या, न लागलेली अक्षरं रिकामी ठेवून. सिमेंट आणि ऑइलपेंट नको. जुनं काम चुन्याचं असतं, त्याला चुन्याचाच गिलावा लागतो. तो करणारे गवंडी डभोई-बडोद्याकडे चौकशी केली तर अजून मिळतात. नवी पाटी लावायची असेल, तर जुना दगड काढू नका, शेजारी लावा.